चाकाचा वास घेणारे भाऊ

जगातली बहुतेक माणसं कुठे तरी लवकर पोचण्यासाठी धडपडत असतात. आमच्या मागच्या खोलीत बारा वर्षं भाड्यानं राहिलेले भाऊ हे मी पाहिलेले एकमेव गृहस्थ, ज्यांना पोचण्यापेक्षा थांबण्यात अधिक रस होता. गाडी किती पळते, किती अॅव्हरेज देते, कुठल्या रंगाची आहे, हे त्यांनी कधी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. गल्लीत कुणी नवी मोटरसायकल आणून पेढा हातावर ठेवला, तरी पेढा तोंडात टाकायच्या आधी त्यांचा प्रश्न ठरलेला : "थांबती कशी?" आणि उत्तरावर त्यांचा विश्वास नसे. ते खाली बसत, चाकाजवळ नाक नेत आणि डोळे मिटून वास घेत, जसा मी मंडईत खरबुजाचा घेते. मुलांनो, तुम्ही दोघं मागच्या खेपेला पुण्याहून टॅक्सीनं आलात, तेव्हा फाटकापाशी एक उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ तुमच्याकडे न बघता सरळ टॅक्सीच्या पुढच्या चाकाशी गुडघे टेकून बसले होते. तुमच्यापैकी धाकटीनं मला इंग्रजीत विचारलं होतं, हे आजोबा चाकाची प्रार्थना करतायत का? तेच ते भाऊ. वास घेऊन उठले आणि टॅक्सीवाल्याला म्हणाले, "घाटात लई दाबत आलास रं. लेकरं हुती ना आत?" टॅक्सीवाला चकित झाला, कारण ते खरं होतं.

तुमचे आजोबा वारल्यावर मागची खोली रिकामी पडली, तेव्हा चर्चमधल्या एका ओळखीच्यांनी भाऊंना आणलं. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे ब्रेक पॅड बनवणारा कारखाना होता, तिथे ते मिक्सिंगला, म्हणजे पॅडचा माल कालवायला होते. पाथर्डीकडच्या त्यांच्या गावी बायको, मुलगा आणि थोडी कोरडवाहू जमीन. कंपनीची बस सकाळी नगरहून न्यायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. पहिल्या महिन्यात मला त्यांच्याविषयी एवढंच कळलं की, माणूस निर्व्यसनी आहे, भाजीत मीठ जास्त घालतो आणि कामावरून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय कुणाच्या लेकराला हात लावत नाही. मग एका रविवारी दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले. हातात चार घड्या घातलेला एक छापील कागद होता.

"बाई, तुमी शाळंत विंग्रजी शिकवत हुता म्हनं. हे काय म्हनतंय ते सांगा. पंधरा वरसं झाली हाताळतोय, पर ते हाय काय, ते ठावं न्हाई."

कागद एका पांढऱ्या भुकटीच्या गोणीबरोबर आलेला होता. भुकटीचं नाव पोटॅशियम टायटनेट. मी आयुष्यभर मुलींना क्रियापदं शिकवलेली बाई. रसायनशास्त्राशी माझा संबंध बेकिंग पावडरपुरता. पण मला अर्धवट वाचलेला कागद सहन होत नाही. शब्दकोश काढला, चष्मा पुसला, आणि आम्ही जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसलो. मी एक वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं आणि भाऊंनी ते तपासायचं, असा तो तास चालला. मी म्हटलं, "ही एक प्रकारची सिरॅमिक आहे, म्हणजे कपबशीच्या भाऊबंदांतली. तेराशे अंशांच्या वर तापवल्याशिवाय वितळत नाही." भाऊ म्हणाले, "व्हय." मी म्हटलं, "हिच्यातून उष्णता सहज पलीकडे जात नाही." भाऊ म्हणाले, "व्हय, म्हनून पॅडच्या पाठीला चटका कमी लागतो." मी म्हटलं, "ही फार कठीण नाही, त्यामुळे समोरच्या लोखंडाला ओरखडे काढत नाही." तेव्हा ते जरा पुढे वाकले. "आता कसं! हे मी सायबाला सांगत हुतो. ही घातली की डिस्क गुळगुळीत ऱ्हाती आन् ब्रेक वरडत न्हाई. सायेब म्हनला, तुला काय कळतं." पंधरा वर्षांत त्यांच्या बोटांना जे कळलं होतं, ते कुणी तरी इंग्रजीत छापून ठेवलं होतं, याचा त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. माझ्या एकाही विद्यार्थिनीनं माझ्या शिकवण्याला इतक्या वेळा 'व्हय' म्हटलेलं नाही.

पोटॅशियम म्हणजे काय, हे समजावताना मी अडखळले. मग मला खताच्या पोत्यावरचे शब्द आठवले : नत्र, स्फुरद, पालाश. म्हटलं, "भाऊ, पालाशमध्ये असतं ना, तेच हे. त्याच्याबरोबर रंगात घालतात ती टायटॅनियमची पांढरी पूड मिसळायची आणि भट्टीत भाजायची." भाऊंनी कागदावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. "उसाला टाकत्यात ते पालाश?" त्यांनी हळूच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जात. बहीण आणि मेव्हणे अजूनही जातात. "म्हंजे आमचं घरानं काय पालाशला सोडीत न्हाई," ते म्हणाले, आणि तो कागद घडी करून त्यांनी खिशात नव्हे, पाकिटात ठेवला.

त्या दिवसापासून या भुकटीला आमच्या घरात एखाद्या परगावच्या कर्तबगार नातलगाचं स्थान मिळालं. कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला कांडी पेटवायला लागला की भाऊ थांबून सांगत, "ह्या कांडीवरच्या लेपातबी आपलं हाय." शेजाऱ्यांनी पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग लावला, तर दुकानदाराला जाऊन विचारून आले, यात टायटनेट आहे का. त्याला माहीत नव्हतं. भाऊंनी त्याची कीव केली. मिक्सरच्या आतली प्लॅस्टिकची चाकंही ही पूड घातली की मजबूत होतात, हे मीच कागदावरून सांगून बसले होते, त्याचा परिणाम म्हणून माझा मिक्सर एका रविवारी टेबलावर सुटा पडलेला मला आढळला. मात्र भक्ती आंधळी नव्हती. ही भुकटी पूर्वी सुईसारख्या बारीक तंतूंची यायची, ती छातीत जाणं बरं नव्हे, आणि आता चपट्या कणांची येते, हे ते नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी सांगत. चपट्या कणांची आली तरी नाकावरचा मास्क त्यांनी कधी काढला नाही. "माया करावी, पर तोंडात घालू नये," असं त्यांचं म्हणणं.

आता त्यांची खरी खोड सांगते. नवे ब्रेक पॅड बसवले की लगेच जोरात दाबायचे नसतात. आधी गाडी बेताच्या वेगात न्यायची, हळूच दाबायची, पुरती थांबू द्यायची नाही, सोडायची, थंड होऊ द्यायची, पुन्हा दाबायची. असं वीस-तीस वेळा केलं की पॅडमधल्या मालाचा एक पातळ लेप समोरच्या लोखंडावर बसतो, आणि मग ते दोघं एकमेकांना धरतात. याला ते 'लेप बसवणं' म्हणत. कारखान्यात हे शिकले आणि मग त्यांनी ते साऱ्या सृष्टीला लावलं. नव्या चपला ते आठवडाभर फक्त खोली ते नळ एवढ्याच घालत. माझा नवा प्रेशर कुकर त्यांनी तीन दिवस नुसतं पाणी उकळायला लावला. आणि मुलाचं लग्न झालं, तेव्हा त्यांनी गावी घरच्यांना बसवून सांगितलं की, पहिला महिना सुनेशी कुणी वरच्या आवाजात बोलायचं नाही, एकदम सगळं काम तिच्यावर टाकायचं नाही. "हळूहळू, थांबून थांबून. लेप बसू द्या." बायकोनं विचारलं, "माझ्या टायमाला कुठं गेल्तं हे शास्तर?" भाऊ म्हणाले, "तवा मी मिक्सिंगला न्हवतो." ती सून आजही त्यांना सासऱ्यापेक्षा वडिलांसारखं वागवते. सासूचं मत मी विचारलेलं नाही.

एवढ्या थोर माणसाबरोबर एसटीनं प्रवास करणं मात्र शिक्षा होती. ते ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा धरत आणि उतार आला की उजव्या पायानं समोरचा पत्रा दाबत. करंजीचा घाट संपेपर्यंत त्यांच्या पोटरीला गोळा आलेला असे. हे मी स्वतः पाहिलं, कारण एकदा त्यांनी मला गावी नेलं.

दसरा होऊन गेला होता. त्यांच्या धाकट्या बहिणीची टोळी ऊसतोडीला निघायची होती. आदल्या संध्याकाळी भाऊंना गावाहून मुलाचा फोन आला की, मुकादमाची जीप तयार आहे, उद्या निघतानाच नवे कोरे पॅड टाकणार आहेत. दुसरं कुणी असतं तर खूश झालं असतं. भाऊ माझ्या दारात आले, तर चेहरा उतरलेला.

"बाई, उद्या माझ्यासंगं गावाला येता का? पॅडच्या खोक्यावर विंग्रजीत लिवलेलं आसतंय. माझं ऐकायचे न्हाईत. तुमी वाचून दाखिवलं तर ऐकतील."

आम्ही सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलो. मारुतीच्या पारापाशी जीप उभी होती. टपावर गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, कोयत्यांचा जुडगा. आत माणसं इतकी दाटून बसलेली की कुणाचा हात कुणाचा, ते कळत नव्हतं. पॅड तासाभरापूर्वी बसवले होते. ड्रायव्हर रिकामं खोकं हातात घेऊन सांगत होता, "नवे हायेत दादा, काळजीच न्हाई." भाऊ चाकापाशी बसले, वास घेतला आणि उठून जीपच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"भरलेली गाडी घाटात न्यायची न्हाई. आधी मोकळी चालवा. लेप बसू द्या."

मुकादम जाडजूड, घाईतला माणूस. "ओ सुप्याचे सायेब," तो म्हणाला, "तुमची फॅक्टरी तिकडं. हितं मला सांजपातूर पोचायचंय. सरका."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खोकं घेतलं, चष्मा लावला आणि शाळेतल्या आवाजात ती बारीक अक्षरं आधी इंग्रजीत, मग मराठीत वाचली : नव्या पॅडवर सुरुवातीला जोरात ब्रेक मारू नये, जास्त वजन टाळावं. मुकादमानं नम्रपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, तुमी शिकलेल्या. पर खोक्यावर लिवलेलं समदं कोन पाळतं? औषधाच्या बाटलीवरबी लई लिवलेलं आसतंय." लोक हसले. माझी चाळीस वर्षांची नोकरी तिथे दोन मिनिटांत संपली.

तेव्हा भाऊ मुकादमाला सोडून जीपमधल्या बायकांकडे वळले. "आक्का, नव्या तव्यावर पयली भाकरी कशी व्हती?"

"चिकटती की," आतून एक म्हातारी म्हणाली.

"मंग पावन्याला ती वाढता का?"

"न्हाई बा. पयल्या दोन-तीन जनावराला."

"तसंच हे. तवा अजून धरला न्हाई, आन् हा मुकादम समद्या पावन्यांला जेवाया बसवतोय."

आत कुजबुज झाली. मग ती म्हातारी आपलं बोचकं घेऊन खाली उतरली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. ड्रायव्हरच्या आधी बायकांना पटलं, आणि बायका उतरल्यावर पुरुषांना आत बसून राहणं शोभेना. शेवटी जीपमध्ये एकटी भाऊंची बहीणच उरली. मांडीवर नात झोपलेली. तिनं भावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"उतर की," भाऊ म्हणाले.

"मला ठावं हाय तुझं, दादा. दर वरसाला कायतरी काढतोस. मागल्या साली म्हनला, माझ्या खोलीवर ये, बस, आराम कर. त्याच्या आदल्या साली म्हनला, पावसाचं दिसतंय, दोन दिवस थांब. आज पॅड काढले. उशीर झाला आन् मुकादमानं आमच्या जागी दुसरी नवरा-बायकोची जोडी घेतली, तर आमी सहा महिने काय करायचं? तुझ्या खोलीत बसून तुझी भांडी घासू?"

सगळे ऐकत होते.  भाऊंना आपल्या बहिणीनं जाऊ नये असं वाटत होतं, हे खरंच होतं. पारावरच्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. त्यामुळे पॅडविषयी ते खरं बोलतायत हे तिला पटवायचं तरी कसं? त्यांनी टपाची सळई धरली.

"जायचंय तर जा," ते शेवटी म्हणाले. "थांब म्हनत न्हाई. आता कदीच म्हननार न्हाई. पर गाडीला थांबता आलं पायजे ना गं. तेवढं करू दे."

ती नातीला खांद्यावर टाकून खाली उतरली आणि गाठोड्यावर आमच्याकडे पाठ करून बसली.

भाऊ ड्रायव्हरशेजारी बसले. मोकळी जीप फाट्यापर्यंत जायची, परत यायची. थोडी पळायची, हळूच दबायची, सुटायची. आम्ही सगळे पारावरून मोजत होतो. आठव्या-नवव्या फेरीला चाकातून करपट वास आला, बारीक धूर निघाला. मुकादम ओरडला, "घ्या! जाळली गाडी!" भाऊंनी खिडकीतून हात हलवला. "पयल्या भाकरीचा धूर हाय. निघू द्या." एका बाईनं मला चहा आणून दिला. मी खोकं मांडीवर धरून बसले होते. आता त्याचा काही उपयोग नव्हता, पण टाकवेना. तीस फेऱ्या झाल्यावर भाऊंनी गाडी सावलीत थंड होऊ दिली, मग प्रत्येक चाकाशी बसून वास घेतला आणि म्हणाले, "धरलं. आता बसा."

दोन तास उशीर झाला होता. सगळे चढले. बहीणही चढली, भावाकडे न बघता. जीप निघाली, धुळीत दिसेनाशी झाली, आणि गावाबाहेर ओढ्याच्या उतारावर पुन्हा दिसली. तिथे तिचे मागचे लाल दिवे दोनदा पेटले आणि विझले.

"बघितलं का बाई?" भाऊ म्हणाले. "डायवर शिकला. उताराच्या आधी दाबून बघतोय."

परतीच्या बसमध्ये त्यांनी घाटात पत्राही दाबला नाही. नगर जवळ आल्यावर म्हणाले, "बाई, न्हाई थांबवलं आसतं, तरी नीटच गेली आसती का वो?" मी म्हटलं, मला सांगता येणार नाही. "कुनालाच येत न्हाई," ते म्हणाले. "ह्या कामाचं तेवढंच वाईट हाय. झालं न्हाई, तर कळत न्हाई."

टोळी नीट पोचली. मुकादमानं दुसरी जोडी घेतली नाही. वसंतात सगळे परत आले, तेव्हा भाऊंची बहीण डोळे दाखवायला नगरला आली आणि एक रात्र माझ्याकडे राहिली. भाऊ दुसऱ्या पाळीला गेले होते. भाकरी थापता थापता ती आपणहून म्हणाली, "वढ्यापाशी मीच डायवरला म्हनले, दोनदा दाब रं. दादा बघत आसंल. बोलले न्हाई ना मी त्याच्याशी, जिवाला लागलं हुतं." मग तव्याकडे बघत हसली. "सांगू नका हं बाई त्याला. कळलं तर पाथर्डीपासून साखर कारखान्यापातूर दर उताराला दिवे लावाया लावील."

मी सांगितलेलं नाही. भाऊ गेल्या वर्षी निवृत्त होऊन गावी गेले. मागच्या खोलीत आता माझी पुस्तकं आहेत. दुपारी तिथे गेले की खोली मोठी झाल्यासारखी वाटते. यंदा दसऱ्यानंतर एका सकाळी त्यांचा फोन आला. "बाई, गाडी गेली आत्ताच. डायवर नवीन हाय, मी त्याला काय बोललोबी न्हाई. तरी वढ्यापाशी आपल्या मनानं दोनदा दाबला. आजकालची पोरं लई हुशार."

"हो, भाऊ," मी म्हटलं. "हुशार आहेत."